दहा दिवसांचे बाळ

आठ मार्च आला, की शाळेच्या पटांगणातल्या लिंबाखाली मुलींना बसवून मी डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगत असे. लोह्याच्या जिल्हा परिषद शाळेत माझी ३१ वर्षे गेली. त्यातली निदान २५ वर्षे तरी हा माझा नेम चुकला नाही. गोष्ट मला पाठ होती. नवव्या वर्षी लग्न, नवऱ्याने शिकवले, समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि बाविशी पुरी व्हायच्या आत गेल्या. मध्येच एक वाक्य यायचे: त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनी दगावला. हे वाक्य मी एका दमात म्हणायची आणि बोटीवर चढायची. मुलींनाही बोटीचेच कौतुक.

२०१९च्या मे महिन्यात त्या वाक्याने मला थांबवले. तेव्हापासून आनंदीबाईंचे चरित्र मी त्या दहा दिवसांपासून वाचते. आज तुम्हांलाही ते तसेच सांगणार आहे.

यमुना जोशी हे त्यांचे माहेरचे नाव. जन्म ३१ मार्च १८६५चा. घराणे कल्याणचे, एके काळी जमीनजुमला असलेले, पण पुढे उतरती कळा लागलेले. वडील गणपतराव मायाळू, आईचा हात मात्र कडक. मुलगी नऊ वर्षांची झाली तशी १८७४ साली तिला गोपाळराव जोशी यांना देण्यात आले. गोपाळराव बिजवर, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, टपाल खात्यात कारकून. त्यांची अट एकच होती. बायकोला मी शिकवणार, त्यात कोणी आडवे यायचे नाही. त्या काळी हुंड्यासाठी लग्ने मोडत, या गृहस्थाने शिक्षणाच्या अटीवर लग्न केले! यमुनेची आनंदी झाली ती या घरात.

गोपाळराव हे मोठे विलक्षण प्रकरण. बायकोने स्वयंपाकघरात वेळ दवडला, तर त्यांचा राग अनावर होई. त्यांनी तिला मारले, घालूनपाडून बोलले, हे आनंदीबाईंच्याच पत्रांतून कळते. आणि त्याच गोपाळरावांनी तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले, तिच्यासाठी गावोगाव बदल्या घेतल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मुलींनी मला कधी विचारले, की बाई, तो माणूस चांगला होता का वाईट, तर माझी पंचाईत व्हायची. आजही होते. एकाच माणसाचे दोन हात असावेत, एक पुढे ढकलणारा आणि एक मारणारा, असे ते होते, एवढेच मी सांगू शकते.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्याला काय झाले होते, हे कुठल्याही चरित्रात सापडत नाही. सापडणार तरी कसे? पाहिलेच कोणी नव्हते. वैद्यकीय मदत मिळाली नाही, एवढेच सारे चरित्रकार सांगतात. ताप होता का, दूध ओढत होता का, लघवी होत होती का, वजन घटत होते का, यातली एकही गोष्ट कोणी लिहून ठेवली नाही. घराघरांतून अशी लेकरे जात असत आणि दृष्ट लागली, सटवाईने लिहिलेच तेवढे होते, असे म्हणून घर पुन्हा कामाला लागत असे. चौदा वर्षांच्या त्या आईने मात्र ते तेवढ्यावर सोडले नाही. बाईला दाखवायला बाई डॉक्टर असती, तर माझे मूल कदाचित जगले असते, हा विचार तिच्या मनातून गेला नाही. तिच्या पुढच्या साऱ्या धडपडीचे मूळ या दहा दिवसांत आहे, यावर तिच्या चरित्रकारांचे एकमत आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. ती माझीच चूक आहे. लपवण्यात अर्थ नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला लोह्याला आली होती. मुलगा झाला, २ किलो ८०० ग्रॅमचा, खणखणीत रडणारा. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणले. मे महिना, मराठवाड्यातले ऊन, पारा बेचाळीसच्या वर. अशा दिवसांत मी काय केले? माझ्या आईने माझ्या वेळी केले तेच. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या लावल्या, बाजेखाली शेगडी ठेवली, लेकराला कुंचीत आणि दुपट्यात घट्ट गुंडाळले. लेकीला अजून दूध नीट उतरले नव्हते. लेकरू आधी रडले, मग रडायचे कमी झाले, मग झोपूनच राहू लागले. आणि मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते, की नातू फार गुणाचा आहे, अजिबात त्रास देत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीतली आशाताई डोकावली. तिची ठरलेली भेट सातव्या दिवशी होती, पण घर दोन दारे पलीकडे, म्हणून सहज आली. आत पाऊल टाकल्याबरोबर तिने आधी खिडकी उघडली. मग मला विचारले, की कालपासून लंगोट किती वेळा बदलले? मी आठवू लागले. सकाळपासून एकही नाही. काल एकदा, त्यावरही विटकरी डाग. तो डाग मी पाहिला होता, उष्णतेचा असेल म्हणून धुऊन टाकला होता. आशाताईने झोळीचा काटा काढला, लेकराला टांगले. काटा २ किलो ३५० ग्रॅमवर थांबला. अंग तापले होते, ओठ कोरडे, टाळू बसलेली. तिने वाद घातला नाही, मला बोल लावला नाही. आधी लेकराला आईच्या छातीशी लावले आणि दुसऱ्या हाताने गाडीला फोन केला.

लोह्याहून नांदेड तासाभराची वाट. त्या तासात मला दुसरे काही सुचले नाही. आनंदीबाईंच्या गोष्टीतले ते एक वाक्य तेवढे डोक्यात घुमत होते. आमचा पाचवा दिवस होता.

नांदेडला नवजात बाळांच्या कक्षात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सारे समजावून सांगितले. माझ्या लेकीच्या वयाच्या त्या. बाळाच्या अंगातले पाणी आटले होते, रक्तात मीठ वाढले होते आणि मूत्रपिंडाने काम जवळजवळ थांबवले होते. मूत्रपिंडाला अचानक झालेली ही इजा. मोठ्या माणसाचे असे झाले, तर अंगावर सूज येते, तो सांगतो, तक्रार करतो. पाच दिवसांचे बाळ काय सांगणार? ते झोपून राहते. आणि आजी म्हणते, गुणाचे आहे.

मी त्यांना विचारले, की हे कळते कसे? त्यांनी जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येक घराला ठाऊक असावे असे मला वाटते.

पहिली खूण लघवी. निरोगी बाळाला जन्मानंतर बहुधा २४ तासांत आणि फार तर ४८ तासांत लघवी झालीच पाहिजे. पहिल्या दिवशी एक लंगोट ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत पाच-सहा दिवसांनंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हावेत. दवाखान्यात याहून बारीक हिशेब ठेवतात. कोरडा लंगोट तोलतात, ओला झाल्यावर पुन्हा तोलतात, जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिलिलिटर लघवी धरतात. तासाला दर किलो वजनामागे एक मिलिलिटरहून कमी भरली, तर ती धोक्याची घंटा. तीन किलोच्या बाळाचा हिशेब मांडा. दिवसभरात ७२ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा कप. एवढ्याशावर सारे अवलंबून.

पण या खुणेवर विसंबता येत नाही. मूत्रपिंड बिघडलेल्या कित्येक बाळांना लघवी होतच असते. म्हणून दुसरी खूण रक्तातली. स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ तयार होतो. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकते. गाळणी बिघडली, की तो रक्तात साठतो. नवजात बाळात आणखी एक गुंता असतो. पहिल्या दिवशी त्याच्या रक्तात जे क्रिएटिनिन सापडते, ते बरेचसे आईचेच असते, नाळेतून आलेले. पूर्ण दिवसांच्या बाळात ते पुढे रोज उतरत जायला हवे. म्हणून एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. दोन-तीन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात. ४८ तासांत ते रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले, किंवा आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्या दीडपट झाले, तर मूत्रपिंडाला इजा झाली असे आजचे डॉक्टर मानतात. आमच्या नातवाचे आले १.८. पाचव्या दिवशी ते एकाच्या बरेच खाली असायला हवे होते.

असो. नातवाकडे पुन्हा येईन. आधी आनंदीबाईंना बोटीवर बसवू या, कारण या क्रिएटिनिनची आणि त्यांची एका वर्षात गाठ पडते.

गोपाळरावांनी १८८० साली कोल्हापूरला राहिलेल्या वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला वैद्यकी शिकवायची आहे, अमेरिकेत सोय होईल का, असे त्यात विचारले होते. वाइल्डरसाहेबांनी उत्तरात धर्मांतराकडे बोट दाखवले. ते जोशी दांपत्याला मान्य नव्हते. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेत एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे हा अंक त्यांच्या हाती पडला. घरी जाऊन त्यांनी थेट आनंदीला पत्र लिहिले. दोघींची पत्रे सुरू झाली, आणि आनंदीने त्यांना मावशी मानले. सातासमुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या बाईला मावशी! आपल्याकडे रक्ताच्या नात्यालाही एवढा ओलावा कधी कधी नसतो.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये सेरामपूरला झाली. आनंदीबाईंच्या जाण्याची बातमी फुटली, तशी टीका सुरू झाली. हिंदू बाईने समुद्र ओलांडायचा, तोही नवऱ्यावाचून! २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या. वय अठरा पुरे व्हायचे होते. इंग्रजीतून त्यांनी भरसभेत सांगितले, की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, मी ती विद्या शिकायला जाते आहे, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येणार आहे. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हे बोलणारी मुलगी चार वर्षांपूर्वी एका लेकराची आई होती?

त्यांनी दागिने विकले, थोडी मदत लोकांनी केली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. ४ जूनला न्यूयॉर्क आले. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या.

फिलाडेल्फियात बायकांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० सालापासून चालू होते. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश आणि शिष्यवृत्ती दिली. नऊवारी नेसून, शाकाहार सांभाळून ही मुलगी तीन वर्षे तिथल्या हिवाळ्यात शिकली. १८८५च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या. ते चित्र मी वर्गात भिंतीला लावले होते. त्यातल्या आनंदीबाईंच्या चेहऱ्यावर थकवा दिसतो, हे मला फार उशिरा दिसले. थंडी, अपुरे अन्न आणि अभ्यास यांनी शरीर पोखरले होते. पुढे त्याचे नाव कळले, क्षय.

शेवटच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. एकीकडे आयुर्वेदाचे ग्रंथ, दुसरीकडे अमेरिकन पुस्तके, असे दोन्ही समोर ठेवून त्यांनी तो लिहिला. डोळ्यांचा, हाडांचा, हृदयाचा, कुठलाही विषय घेता आला असता. घेतला तो बाळंतपणाचा. मला वाटते, ते दहा दिवसांचे लेकरू त्या कागदांवर कुठेतरी बसलेले होते.

त्यांना वर्गात त्या विषयातले काय शिकायला मिळाले असेल? मूत्रपिंडाच्या रोगाची ओळख जगाला त्याआधीच झाली होती. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सुजलेल्या रोग्यांचे वर्णन छापले होते. मेणबत्तीवर चमच्यात लघवी तापवायची, अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरला, की मूत्रपिंड बिघडले म्हणून समजायचे, अशी ती साधी परीक्षा. पण ती मोठ्या माणसांची. चार-पाच दिवसांच्या लेकराच्या टाचेतून दोन थेंब रक्त घेऊन मूत्रपिंडाची तब्येत सांगणे तेव्हा फिलाडेल्फियातही शक्य नव्हते. म्हणजे आनंदीच्या लेकराला उद्या फिलाडेल्फियात नेले असते, तरी हे एक कळले नसते.

आणि इथे ती गाठ पडते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. गोपाळराव समारंभाला हजर होते, पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या, व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदन आले. त्याच १८८६ साली प्रशियातल्या कोनिग्जबर्ग शहरात माक्स याफे नावाच्या प्राध्यापकाने एक छोटासा शोध छापला. पिक्रिक आम्ल आणि क्षार एकत्र करून त्यात क्रिएटिनिन आले, की द्रावण केशरी-तांबूस होते. रंग जितका गडद, तितके क्रिएटिनिन जास्त. याफेसाहेबांचा हेतू बाळांचे प्राण वाचवण्याचा नव्हता, ते लघवीतल्या रसायनांचा अभ्यास करत होते. पण त्यांच्या नावाची ती परीक्षा आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. काविळीने पिवळ्या पडलेल्या बाळांत तिचा आकडा चुकू शकतो, म्हणून आता तिच्या जोडीला नवी, अधिक अचूक पद्धत आली आहे. ही बातमी आनंदीबाईंच्या कानावर गेली असेल, असे मला वाटत नाही. पण एकाच वर्षी एक आई डॉक्टर झाली आणि दुसरीकडे बाळाच्या रक्तातला धोका ओळखणारा रंग सापडला, याचे मला अप्रूप वाटते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले. नेमणुकीचे पत्र हाती घेऊन त्या निघाल्या, १६ नोव्हेंबर १८८६ रोजी मुंबईला उतरल्या. जे गाव नावे ठेवत होते, तेच आता हारतुरे घेऊन उभे होते. पण आनंदीबाई खुर्चीवर बसून राहण्याइतक्याही धड नव्हत्या. कोल्हापूरचा तो विभाग त्यांची वाट पाहत राहिला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना बाकी होता. शिकलेल्या विद्येने मायदेशी एकही बाळंतीण त्यांना तपासता आली नाही, एकही लेकरू हाती घेता आले नाही.

मुलींना गोष्ट सांगताना मी इथे थांबत असे, कारण पुढे काय बोलावे ते कळत नसे. एखादी धीट मुलगी विचारायची, की मग एवढे करून उपयोग काय झाला? मी ठरीव उत्तर द्यायची. त्यांच्या उदाहरणाने पुढच्या बायका शिकल्या. ते खरेच आहे. काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली लिहिले, श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी १९६८ सालापासून घराघरांत वाचली जाते, २०१९च्या फेब्रुवारीत समीर विद्वांस यांचा चित्रपट आला तो मी आणि पोटुशी लेक दोघींनी पाहिला. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही आनंदीबाईंचे नाव आहे. पण चित्रपट पाहून डोळे पुसणारी मी, तीन महिन्यांनी खिडक्या लावून शेगडी पेटवून बसले होते. तेव्हा नुसत्या गोष्टीने भागत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

उपयोग कसा होतो, ते मला नांदेडच्या त्या कक्षाबाहेरच्या बाकावर कळले.

डॉक्टरीणबाईंनी नातवाला सलाइन लावले, पण थेंब थेंब मोजून. रक्तातले मीठ एकदम उतरवले, तर मेंदूला सूज येते, असे त्यांनी सांगितले. मूत्रपिंडाला जड जातील अशी औषधे टाळली. आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजायला शिकवले. दर काही तासांनी परिचारिका लंगोट तोलून वहीत आकडा लिहीत होती. आकड्यांची ती वही मी बाकावरून पाहत राही. पहिली रात्र ५ मिलिलिटर, ४ मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम १८. परिचारिका हसली, तेव्हा मला रडू फुटले. क्रिएटिनिन १.८वरून १.१वर आले, आठव्या दिवशी ०.५. पोटात नळी घालून रक्त शुद्ध करण्याची वेळ काही बाळांवर येते, आमच्यावर आली नाही. एक दिवस उशीर झाला असता, तर काय झाले असते, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

शेजारच्या पेट्यांतल्या बाळांची कारणे वेगळी होती. कोणी जन्मतःच रडले नव्हते, गुदमरले होते. कोणाला जंतुसंसर्ग होता. एक सातव्या महिन्यातच जन्मलेले. मूत्रपिंडातल्या गाळण्या आईच्या पोटात साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात, त्यामुळे कमी दिवसांच्या बाळाकडे मुळात गाळण्याच कमी. एका मुलग्याची लघवीची धार थेंब थेंब पडत होती, त्याच्या मूत्रमार्गात जन्मतःच पडदा होता. मुलाची धार लांब जाते का, हे पाहणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. ती तपासणी आहे, हे मला तिथे कळले. अशा बाळांची संख्या किती, याचा जगातला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चार देशांतल्या २४ कक्षांत दाखल झालेली २,०२२ बाळे त्यात पाहिली. त्यांपैकी ६०५ बाळांच्या मूत्रपिंडाला इजा झालेली आढळली. दहांत तीन! यातल्या पुष्कळांची लक्षणे वरून दिसत नाहीत. शोधली, मोजली, तरच सापडतात.

आणि मोजणारी माणसे कुठून आली? आमच्या महाराष्ट्रातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला तोलायचे, ताप बघायचा, दूध ओढते का पाहायचे, धोका ओळखायचा. बालमृत्यू कमी झाल्याचा तो निष्कर्ष १९९९ साली जगाने वाचला. पुढे २०११ पासून सरकारने देशभर आशाताईंच्या हाती हेच काम दिले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती येते. आमच्या आशाताईचे शिक्षण दहावी. माझ्याच वर्गात, त्या लिंबाखाली बसून तिने आनंदीबाईंची गोष्ट ऐकली होती. मी शिकवले आणि विसरले, तिने ऐकले आणि लक्षात ठेवले.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत, वर दगड आहे, दगडावर नाव आहे. त्यांच्या लेकराचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. दहा दिवसांच्या बाळाचे बारसे तरी कुठे झालेले असणार?

नातू आता शाळेत जातो. वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब बघायचा आणि लघवी तपासायची, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे, कारण लहानपणी दुखावलेले मूत्रपिंड पुढे त्रास देऊ शकते. ती तपासणी आम्ही चुकवत नाही. आणि गल्लीत कोणाकडे बाळंतपण झाले, की मी बाळंतविडा घेऊन जाते, आधी खिडकी उघडते, मग दोरीकडे बघते. वाळत घातलेले लंगोट मोजते. सहा भरले, की मग चहा घेते.